खोक्यातली गिटार: ताण, मोकळी जागा आणि पावती

कोपऱ्यात टेकवून ठेवलेली गिटार निवांत दिसते, पण स्टीलच्या तारांची असेल तर तिच्या सहा तारा तेव्हाही मान आणि ब्रिज यांना एकमेकांकडे खेचत असतात. नेहमीच्या लाइट सेटचा हा एकूण ताण सुमारे ७० ते ७५ किलो वजनाइतका भरतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो ३५ ते ४० किलोच्या आसपास असतो. हा भार झेलणारी वरची लाकडी पाटी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची आणि अख्ख्या वाद्याचे वजन दोन किलोच्या घरात. आवाज घुमावा म्हणून कारागिराने लाकूड जमेल तितके पातळ केलेले असते. मजबुतीसाठी लागेल त्याहून फारसे जास्त लाकूड त्यात उरलेले नसते.

अशी वस्तू कुरिअरने पाठवायची म्हणजे आधीच ताणाखाली असलेले वाद्य अनोळखी हातांत सोपवायचे. तरीही हे काम जमते. वाद्यांची दुकाने ते रोज करतात आणि बहुतेक गिटारी धडधाकट पोहोचतात. ज्या मोडतात त्यांच्या बाबतीत तीनपैकी एखादी चूक हमखास सापडते: गिटार खोक्याच्या आत हलत होती, वाटेत तिची चढउतार फार झाली, किंवा तिला ऊन लागले. नुकसान झाल्यावर भरपाई मिळाली नाही, तर चौथी चूक पावतीवर असते.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक मार्ग डोळ्यांसमोर ठेवू. मे महिना आहे आणि मुंबईतली एक ड्रेडनॉट अकूस्टिक गिटार नागपूरला पाठवायची आहे.

मोडते कुठे?

प्रवासातून आलेल्या गिटारीची ठरलेली दुखापत म्हणजे नटच्या मागे, मान आणि हेडस्टॉक मिळतात तिथे गेलेली चीर. पुष्कळदा हार्डकेसवर ओरखडाही नसतो आणि आत हेडस्टॉक लोंबत असतो. केस पाठीवर आपटली की गिटारची पेटी जागच्या जागी थांबते. हेडस्टॉक मात्र केसमध्ये अधांतरी असतो आणि त्यावर सहा धातूच्या खुंट्यांचे वजन असते. धावत्या बसला करकचून ब्रेक लागला की उभ्या प्रवाशाचे पाय थांबतात आणि डोके पुढे जाते, तसा तो झटक्याने मागे जाऊ पाहतो. नेमकी तिथेच मान सर्वांत बारीक असते. अनेक गिटारींत ट्रस रॉडचे तोंड त्याच जागी असल्याने लाकूड आणखी पोखरलेले असते. शिवाय हेडस्टॉक मागे कललेला असेल तर लाकडाचे रेषे तिथे तिरपे कापले जातात आणि लांब रेषांची ताकद उरत नाही. गिब्सनच्या अनेक मॉडेलांत हा कल १७ अंशांचा आणि मान महोगनीची असते, म्हणून या दुखापतीत त्यांचे नाव वारंवार निघते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टरचा हेडस्टॉक मानेच्या रेषेतच असतो आणि मान मेपलची असते. तिथे हा धोका बराच कमी.

दुसरी नाजूक जागा अगदी विरुद्ध टोकाला आहे. पट्टा अडकवायचे बटण गिटारच्या बुडाला असते. खोका उभा आपटला तर सगळे वजन त्या इवल्याशा बटणावर येते आणि ते खिळ्यासारखे आत घुसून बाजूच्या फळ्या फोडते. बटण नुसते दाबून बसवलेले असेल तर काढून ठेवावे. स्क्रूने घट्ट बसवलेले असेल तर त्याच्या भोवती जाड फोम असा लावावा की वजन बटणावर न येता पेटीच्या कडेवर पसरेल.

खोका पडणार हे गृहीतच धरायचे. पार्सलचे पॅकिंग तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘इस्टा ३-ए’ या चाचणीत खोका सुमारे ४६ सेंटिमीटरवरून आणि त्याहून कडक धक्क्यासाठी ९१ सेंटिमीटरवरून टाकतात. ९१ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ कमरेइतकी उंची. एवढा मार नेहमीच्या हाताळणीतलाच आहे, असे पॅकिंगचा व्यवसाय मानतो. ‘फ्रॅजाइल’ची लाल पट्टी जरूर लावावी, पण सरकत्या पट्ट्यावर खोक्यांची रांग लागलेली असताना ती वाचायला कोणी थांबत नाही.

ऊन आणि हवा

मे महिन्यात मुंबईची हवा दमट असते. नागपुरात त्याच दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते. गिटारला मानवते ती साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि तो गमावून आकसते. हा बदल रेषांच्या लांबीत नगण्य, तर आडव्या दिशेने बराच असतो. त्यामुळे कोरड्या हवेत वरची पाटी रुंदीत आकसू पाहते, पण कडांना ती चिकटवलेली असल्याने तिला जागा मिळत नाही आणि ती तडकते. फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची टोके बाहेर डोकावतात. उलट, नागपूरची गिटार जुलैत मुंबईला आली तर पाटी फुगून वर येते आणि तारा बोटांपासून लांब जातात.

उष्णतेचा मार वेगळा असतो. हल्लीच्या बहुतेक गिटारींच्या जोडणीत पांढरा किंवा पिवळा सुतारी गोंद असतो आणि ६० ते ७० अंशांच्या दरम्यान तो नरम पडू लागतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान साठीच्या पुढे सहज जाते. अशा वेळी ७० किलोंचा ताण ब्रिजला वर उचलत असेल तर ब्रिज पाटीपासून सुटतो. गिटार एकदाही पडलेली नसते आणि तरी तिचे नुकसान होते.

पॅकिंगने धक्का अडवता येतो. दोन दिवस चाललेली उष्णता अडवता येत नाही, ती फक्त उशिरा आत पोहोचते. म्हणून हवामानाचे उत्तर वेळेच्या निवडीत आहे. विदर्भात गिटार पाठवायची तर शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मे टळत नसेल तर रात्रीचा प्रवास घ्यावा. पार्सल शनिवारी देऊन रविवारभर पत्र्याच्या गोदामात भाजत ठेवू नये; सोमवारी किंवा मंगळवारी द्यावे.

तारा किती सैल कराव्यात?

यावर वादकांत हमखास वाद होतो. तारा अजिबात सैल केल्या नाहीत तर धक्का बसताना हेडस्टॉकवर तारांचा पूर्ण ताणही असतो. पूर्ण काढून टाकल्या तर दुसरी अडचण येते. मानेतला ट्रस रॉड तारांच्या विरुद्ध दिशेने खेचत असतो. तारांचा ताण गेला की मान मागे वाकू शकते. मधला मार्ग चांगला: प्रत्येक तार एक ते दीड सूर खाली उतरवावी, इतकी की ताण स्पष्ट कमी होईल, पण तारा लोंबणार नाहीत. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये जाड कागदाची किंवा पातळ फोमची पट्टी सरकवावी, म्हणजे धक्क्याने तारा फ्रेटवर आपटून खाचा पडणार नाहीत. इलेक्ट्रिक गिटारला तरंगता ट्रेमोलो असेल तर तारा सैल करण्याआधी त्याखाली लाकडाचा ठोकळा बसवावा. मेंडोलिन किंवा आर्चटॉप गिटारवर ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच जागी राहतो. तिथे ब्रिजच्या जागेवर खूण करून त्याखाली मऊ कापड ठेवावे.

मग केस रिकामी करावी. कॅपो, ट्यूनर, पट्टा, तारांची जुनी पाकिटे आणि पाठीमागच्या कप्प्यातली किल्ली असे सगळे बाहेर काढून वेगळ्या पुडीत बांधावे. सुटा राहिलेला कॅपो आठशे किलोमीटरच्या प्रवासात पॉलिशवर काय नक्षी काढेल, त्याचा नेम नाही. प्रीअँपमधली नऊ व्होल्टची बॅटरी काढावी. आतून गळाली तर सर्किट खराब होते. चार्ज होणारी लिथियम बॅटरी असलेले सामान विमानमार्गे जाणार असेल तर त्याला वेगळे नियम लागतात, म्हणून ते पार्सलमध्ये घालूच नये.

खोक्याच्या आत काय भरायचे?

पहिला थर सुती कापडाचा. बबल रॅपचे प्लास्टिक थेट पॉलिशला लागले आणि आत ऊब साचली तर त्याचे गोल ठसे उमटतात. जुन्या गिटारींवरच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर तर हमखास.

दुसरा थर केसमधला. गिटार केसमध्ये ठेवून झाकण लावावे आणि केस हलकेच हलवून ऐकावे. आत काही सरकल्याचा आवाज आला तर काम अपुरे आहे. हेडस्टॉकच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि वरून मऊ कापड किंवा चुरगळलेला कागद भरावा. मानेखालीही, हेडस्टॉकच्या अलीकडे, आधार हवा. भरताना मात्र जोर लावू नये. हेडस्टॉकच्या मागे बोळा कोंबून झाकण दाबून बंद केले, तर जो झटका आपण टाळायला निघालो तोच आपल्या हाताने कायमचा दिला जातो. आधार जाणवावा, पण दाब येऊ नये.

तिसरा थर बाहेरच्या खोक्याचा. खोका पाच-प्लायचा घ्यावा. गिटार महाग असेल तर सात-प्लायचा. वाद्यांच्या दुकानात गिटारी ज्या खोक्यांतून येतात ते रिकामे खोके मागितले तर बहुधा मिळतात आणि त्यांचा आकारही नेमका असतो. बुडाशी चार-पाच सेंटिमीटर फोम किंवा घट्ट चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा थर द्यावा, त्यावर केस ठेवावी आणि चारही बाजूंना तेवढेच अंतर भरावे. दोन्ही टोकांना भर जास्त हवी, कारण लांब खोका उभा करून ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. थर्मोकोलचे सुटे दाणे वापरू नयेत. कंपनांनी ते एकमेकांतून सरकतात, जड केस हळूहळू तळाशी उतरते आणि प्रवासाअखेर सगळी भर वर आणि गिटार तळाला टेकलेली, अशी स्थिती होते. कागद दाबून भरला तर तो जागा सोडत नाही.

खोका बंद करण्याआधी नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी आत ठेवावी. बाहेरची चिठ्ठी ओली झाली किंवा निघाली तर आतली कामी येते. सगळ्या शिवणींवर रुंद टेप लावावा. पावसाळ्यात केसभोवती प्लास्टिकचा कागद घालावा, पण लगेच सील करू नये. दमट खोलीत प्लास्टिक बंद केले तर दमट हवाही आतच बंद होते. गिटार एक-दोन दिवस वातानुकूलित किंवा कोरड्या खोलीत ठेवून मग बांधावी. सिलिका जेलच्या पुड्यांचा ढीग आत घालणेही बरे नव्हे, कारण त्या गिटारला गरजेपेक्षा कोरडे करू शकतात. आर्द्रता दोन्ही दिशांनी सांभाळणारी पाकिटे वाद्यांच्या दुकानात मिळतात, ती ठेवावीत.

हीच शिस्त आपल्या वाद्यांनाही लागू पडते, फक्त नाजूक जागा बदलतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथून देशभर जाणाऱ्या या वाद्यांत चिंता असते ती भोपळ्याची. वाळलेल्या भोपळ्याचे कवच एका बिंदूवर आलेल्या दाबाने फुटते. म्हणून त्याच्या गोलाईला सगळीकडून सारखा आधार हवा आणि वाद्याचे वजन भोपळ्यावर टेकता कामा नये. घोडी आणि मणके काढून वेगळे बांधावेत.

वजनकाट्यावर आठ किलो, बिलावर तीस

गिटार दोन किलो, हार्डकेस चार, खोका आणि भर दोन-अडीच: सगळे मिळून आठ-साडेआठ किलो. बिल मात्र क्वचितच तेवढ्या वजनाचे येते. ट्रकमध्ये आणि विमानात जागा विकली जाते, त्यामुळे कुरिअर आकारमानावरून काढलेले वजन आणि खरे वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात. नेहमीचे सूत्र असे: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागायचे. आपला खोका १२० × ५० × २५ सेंटिमीटरचा असेल तर गुणाकार १,५०,००० आणि वजन ३० किलो.

रस्तामार्गे पाठवताना पुष्कळ ठिकाणी हिशेब घनफुटावर असतो. गुणाकाराला २७,००० ने भागून घनफूट काढतात आणि दर घनफुटामागे ६, ८ किंवा १० किलो धरतात. आपला खोका साधारण साडेपाच घनफूट भरतो. सहाच्या हिशेबाने तो ३३ किलो होतो आणि दहाच्या हिशेबाने ५५. किलोमागचा दर स्वस्त दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. आधी विचारावे की वजन कसे काढता. ठरावीक मर्यादेपेक्षा एक बाजू लांब असेल तर काही कंपन्या वेगळा आकारही लावतात.

खोका लहान करून पैसे वाचवायचा मोह इथे होतो, पण वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर भर कमी करूनच मिळतो. याला एक अपवाद आहे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींची मान चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती उघडून मान आणि धड वेगवेगळे गुंडाळले तर ७५ × ४२ × १५ सेंटिमीटरचा खोका पुरतो आणि त्याच सूत्राने वजन साडेनऊ किलोंवर येते. शिवाय हेडस्टॉकवर ताणच उरत नाही. पलीकडे मान पुन्हा नीट बसवणारे कोणी हवे, एवढीच अट. अकूस्टिक गिटारीला हा मार्ग नाही.

कोणाकडे द्यायची?

लोक नाव विचारतात: अमुक कंपनी चांगली की तमुक? त्याऐवजी विचारावे की खोका किती वेळा चढतो-उतरतो. कुरिअरच्या साखळीत तो घरातून शाखेत, शाखेतून मुंबईच्या मोठ्या केंद्रात, तिथून लांब पल्ल्याच्या गाडीत, मग नागपूरच्या केंद्रात, तिथल्या शाखेत आणि शेवटी दारात असा जातो. प्रत्येक चढउतार म्हणजे पडण्याची एक संधी. शेवटचा टप्पा पुष्कळदा दुचाकीवर असतो आणि सव्वा मीटरचा खोका दुचाकीवर कसा जाईल, हे सांगायला नको. बुकिंग करतानाच विचारावे की डिलिव्हरी टेम्पोने होईल का. नसेल तर नागपूरच्या शाखेतून स्वतः घेऊन जाण्याची सोय घ्यावी. विमानमार्गे दिवस कमी लागतात आणि उन्हातला काळ घटतो, पण हातबदल काही कमी होत नाहीत.

रेल्वेचे पार्सल अजूनही विचारात घेण्यासारखे आहे, मात्र गाडी निवडून. सीएसएमटीहून सुटून नागपूरलाच संपणारी सेवाग्राम एक्सप्रेस अशा कामाला चांगली, कारण शेवटच्या स्थानकावर सामान उतरवायला वेळ असतो. मधल्या स्थानकावर काही मिनिटे थांबणाऱ्या गाडीतून खोके घाईत उतरतात. वाटेत गाडी बदलायला लागणार असेल तर तो मार्ग सोडून द्यावा. रेल्वे पार्सल दारात येत नाही. पार्सल ऑफिसातून पावती दाखवून सोडवून घ्यावे लागते आणि उशीर केला तर जागेचे भाडे भरावे लागते.

खासगी ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये एकदाच चढवणे आणि एकदाच उतरवणे असते, शिवाय प्रवास रात्रीचा. या दोन्ही गोष्टी गिटारच्या पथ्यावर पडतात. तोटा असा की पावती नावापुरती असते आणि डिकीत बॅगा खोक्यावर येऊन पडतात. पुष्कळ बसगाड्यांचे इंजिन मागे असते, म्हणून खोका इंजिनापासून दूरच्या कप्प्यात, सगळ्यात वर ठेवायला सांगावे. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन लिहून घ्यावा. मौल्यवान गिटारीला हा मार्ग देऊ नये.

सगळ्यांत कमी हातबदल अर्थातच स्वतः नेण्यात. रेल्वेच्या डब्यात गिटार आपल्या बर्थवर राहते. विमानात ती केबिन बॅगेच्या मापात बसत नाही. काही कंपन्या जागा असेल तर वर ठेवू देतात, नाहीतर तिच्यासाठी वेगळे आसन घ्यावे लागते. चेक-इन करताना काउंटरवर ‘लिमिटेड रिलीज’चा टॅग देऊन सही मागतात. ही सही म्हणजे नाजूक वस्तूच्या नुकसानीची जबाबदारी आपण स्वतःकडे घेतल्याची कबुली असते. सही करण्याआधी ते वाचावे.

पावतीवरचा आकडा

रेल्वेत पार्सलची किंमत वेगळी जाहीर केली नाही, तर भरपाईची मर्यादा किलोमागे ५० रुपये आहे. आठ किलोंच्या गिटारीला ४०० रुपये. किंमत जाहीर करून टक्केवारीचा आकार भरला तरच त्याहून जास्त मागता येते. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत जास्त किंमत जाहीर केली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत धरलेली आहे. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ आणि ‘वाहतूकदाराच्या जोखमीवर’ असे दोन पर्याय असतात. पहिला स्वस्त पडतो आणि काही न विचारता पुष्कळदा त्याच्यावरच खूण होते.

म्हणून गिटारची खरी किंमत पावतीवर लिहावी, बिल असेल तर प्रत जोडावी आणि विमा घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: वापरलेली वस्तू आणि वाद्ये यांना तो लागू आहे का? आणि नाकारण्याची कारणे कोणती? ‘अपुरे पॅकिंग’ हे कारण जवळजवळ प्रत्येक मालविम्यात असते. पॅकिंगच्या प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवला तर त्याला उत्तर देता येते. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते, वापरातल्या घरगुती वस्तूंना त्यातून सूट आहे. ‘वापरलेली, विक्रीसाठी नाही’ असे घोषणापत्र सोबत असले की वाटेत अडचण येत नाही.

समुद्रापलीकडे

परदेशी पाठवायची असेल तर लाकूड कोणते, हा प्रश्न येतो. आपण ज्याला शिसवी म्हणतो ते लाकूड जगभरच्या गिटारींच्या पाठीला, बाजूंना आणि फ्रेटबोर्डला वापरतात. दुर्मिळ प्रजातींच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्या झाडांवर निर्बंध आले आणि एकेका गिटारीसाठी कागदपत्रे गोळा करण्याची वेळ आली. वाद्यनिर्मात्यांच्या आणि वादकांच्या पाठपुराव्यानंतर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. जुन्या, महागड्या गिटारीत ते लाकूड किंवा हस्तिदंत असेल तर परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवू नये. अमेरिकेतल्या भावाला वडिलांची जुनी गिटार पाठवण्याआधी एखाद्या जाणकार कारागिराकडून तिचे लाकूड ओळखून घेणे शहाणपणाचे.

पोहोचल्यावर

खोका आला की लगेच उघडू नये. तापलेले किंवा गार पडलेले लाकूड एकदम वेगळ्या हवेत आले तर पॉलिशला केसासारख्या भेगा पडतात. खोका घरात दिवसभर तसाच राहू द्यावा. मात्र बाहेरून तो चेपलेला, फाटलेला किंवा ओला दिसत असेल तर सही करण्याआधीच डिलिव्हरीच्या कागदावर तसे लिहावे आणि फोटो काढावा. उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा आणि खोका व भर टाकून देऊ नये. तपासणीसाठी तीच मागतात.

तक्रारीची मुदत बारीक अक्षरात असते. रस्तेवाहतुकीच्या कायद्यात बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यायची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि मालाची १४ दिवसांत करावी लागते. कंपन्यांच्या स्वतःच्या अटी याहून कडक असू शकतात. कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची टेलर गिटार २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. दुरुस्तीला सुमारे १२०० डॉलर लागले. चोवीस तासांत दावा केला नाही, असे कारण देऊन कंपनीने भरपाई नाकारली. पुढे २००९ मध्ये त्यांनी त्यावर केलेले गाणे जगभर गाजले आणि कंपनीची नाचक्की झाली. प्रत्येकाच्या हाती असा उपाय नसतो, म्हणून मुदत बुकिंगच्या दिवशीच वाचलेली बरी.

पैसे कुठे घालावेत?

काही गिटारी पाठवूच नयेत. प्लायवुडची, पाच-सहा हजारांची गिटार तीस किलोंच्या भाड्याने पाठवण्यापेक्षा इथे विकून तिथे दुसरी घेणे परवडते. आधीच चीर असलेली, किंवा जिची किंमत पैशांत मोजता येत नाही अशी घरातली जुनी गिटार कोणाबरोबर तरी हातानेच न्यावी. भरपाईच्या रकमेत तशीच दुसरी मिळत नाही.

उरलेल्या गिटारींसाठी खर्चाचा क्रम लक्षात ठेवावा. पहिले पैसे हार्डकेस, खोका आणि भर यांवर घालावेत, कारण नेहमीच्या धक्क्यांना तेच उत्तर आहे. दुसरे कमी चढउतारीच्या मार्गावर, मग तो दोन दिवस लांबचा असला तरी चालेल. फक्त ते दिवस उन्हात तापणाऱ्या गोदामात जाऊ नयेत. तिसरे जाहीर किमतीच्या विम्यावर. यानंतर काही उरले तर वेग विकत घ्यावा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात: ‘उद्याच पोहोचेल’ याला जास्त पैसे मोजतात आणि खोका किराणा दुकानातून मागून आणतात.